पितळ काळं करण्याचे उद्योग

मंडळी, आमच्या पिढीतल्या बायकांचा अर्धा जन्म पितळ उजळण्यात गेला. चिंच, राख, लिंबाची साल, पुढे पितांबरी. आणि आता माझी नात नवीकोरी चकचकीत पितळी हासळी विकत घेते आणि ती काळी कशी करायची ते आजीला विचारते! मी जन्मभर मराठी शिकवलं, रसायनशास्त्र नव्हे. पण विषय गमतीचा निघाला.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांब्याला गंधक भेटलं की ते काळवंडतं, आणि गंधक अंड्यात असतं. नव्या दागिन्यावर पारदर्शक लेप असेल तर तो आधी नेलपॉलिश काढायच्या पाण्याने काढायचा. मग चिंचेने घासून, धुऊन कोरडा करायचा. उकडलेलं अंडं गरम असतानाच कुस्करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं, दागिना शेजारी वाटीत, अंड्याला न टेकता. काही तासांत तपकिरी झाक येते. उंचवटे फडक्याने पुसले की काळेपण नक्षीच्या खाचांत तेवढं राहतं. (वास मात्र सोसावा लागतो.)

हिरवट रंग हवा तर व्हिनेगर आणि मीठ. हा आपला जुना शत्रू जंगाल. पितळी भांड्यात ताक कळकतं ते याच जातीचं, आणि म्हणूनच कल्हईवाला भांड्याला आतून कथलाचा हात देत असे. नाका-कानात घालायच्या वस्तूंवर हा प्रयोग नको.

काही जण अमोनियाची वाफ द्यायला सांगतात. तीही नकोच. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया हे त्याचं कारण 1921 साली उलगडलं. थंडपणी वाकवून घडवलेल्या बांगडीतही तसाच ताण दडलेला असतो.

इथपर्यंत हौस झाली, आणि हौसेला मोल नाही. मला खटकतं ते पुढचं. हेच काळवलेले दागिने 'बंजारा', 'अँटिक' अशा नावांनी दामदुप्पट विकले जातात. आमच्या बीड जिल्ह्यात गेवराई, वडवणी, परळीकडे बंजारा तांडे आहेत. तिथल्या म्हाताऱ्या बायकांचे कडी-वाळे पाहिलेत कधी? खऱ्या जुन्या दागिन्याची गंमत उलटी असते. जिथे कातडी, केस, कापड रोज घासतं तिथे धातू गुळगुळीत आणि उजळ होतो, कडा पातळ होतात, दोरा ओवायची गोल भोकं ओढून ओढून लांबट होतात. अंड्याने रंग येतो हो, झीज येत नाही.

आणि यात नुकसान कुणाचं? गिऱ्हाईक फसतं ते एक. पण कालचा दागिना 'शंभर वर्षांचा' म्हणून खपू लागला, तर तांड्यावरच्या बाईने अडीनडीला आजीचा खरा दागिना बाजारात नेल्यावर तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? तिला मोडीचाच भाव. नक्कल करणारा तिची नक्षी घेतो, तिचं नाव घेतो आणि वर तिच्या आजीचं वयही घेतो. याला मी कला म्हणणार नाही.

तसं पाहिलं तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षं जुन्या कलावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. तेव्हा कुणी शंभर वर्षांची ग्वाही दिली की शांतपणे परवाना मागावा. बहुधा तिथेच पितळ उघडं पडेल. नवं पितळ काळं करून विकायचंच असेल तर सोबत चिठ्ठी बांधा: 'नवे आहे, घरी काळे केले आहे.' ज्याला आवडेल तो घेईल की!

असो. घरात खरोखर जुना दागिना असेल तर त्याला अंडंही नको आणि पितांबरीही नको, मऊ कोरडं फडकं पुरे. आणि त्याची भोकं जरा उजेडात धरून पाहा, लांबट दिसली तर मला जरूर कळवा.