अर्धी राहिलेली गोधडी

दिवाळीची झाडलोट निघाली की गृहिणीची दोन गुपिते हमखास उघडी पडतात. एक म्हणजे मुलांच्या नजरेआड ठेवलेला काजूचा डबा. आणि दुसरे, पलंगाखालच्या ट्रंकेत किंवा माळ्यावरच्या बोचक्यात तोंड लपवून बसलेले एखादे अर्धवट काम. एका बाहीचा स्वेटर, तीनच पाकळ्या भरलेला टेबलक्लॉथ, खांब रोवून कळस विसरलेले रुखवतातले मंदिर! घरधनी ते बोचके दोन बोटांनी उचलून विचारतात, "हे ठेवायचं की द्यायचं?" आणि आपण ते त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतो. मग दोरीची गाठ आणखी घट्ट करून ते पुन्हा माळ्यावर जाते, पुढच्या दिवाळीपर्यंत.

आमच्या मेळ्यातल्या घरांत मात्र त्या बोचक्यात दुसरे-तिसरे काही नसते. गोधडीच असते.

हा मेळा पेण आणि रोहा या दोन गावांत विभागलेला आहे. सात बायका आणि एक पुरुष. महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही जमतो. एकदा पेणला, एकदा रोह्याला. रेल्वे १९८६ साली रोह्याला पोहोचली, म्हणून हे जमते. पेणला गाडीत बसायचे, कासू, नागोठणे, निडी आणि रोहा! पिशवीत डबा, डब्याशेजारी सुईदोरा. शेजारची एखादी कोळीण टोपली सरकवून विचारते, "काय शिवताय वो ताई?" गोधडी म्हटले की ती आपल्या आजीच्या गोधडीची हकीकत सांगू लागते, आणि स्टेशन कधी आले ते कळत नाही.

पोटासाठी गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याशी आमची बरोबरी नाही. त्या दारात येऊन जुनी लुगडी मागतात, ओटीवर पसरतात आणि आम्हाला जे काम वर्षभर पुरते ते चार दिवसांत हातावेगळे करतात. आमचा आपला छंद. आणि छंदाला शेवटची तारीख नसते, हेच त्याचे सुख आणि हीच त्याची खोड.

वाचकभगिनींनो, गोधडी मागे का पडते, याचा हिशेब आमच्या मेळ्यातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी एकदा फळ्यावर मांडावा तसा मांडून दाखवला. गोधडी सात फूट लांब आणि पाच फूट रुंद धरा. अर्ध्या इंचावर एक ओळ घातली, तर पाच फुटांत १२० ओळी. प्रत्येक ओळ सात फुटांची. म्हणजे ८४० फूट धावदोरा झाला, सुमारे २५६ मीटर! अर्ध्या इंचाला एक टाका म्हटला तरी वीस हजारांवर टाके. "रोज शंभर टाके घातले तरी दोनशे दिवस," बाई म्हणाल्या, "आणि रोज शंभर टाके घालणारी इथं कोण आहे, तिनं हात वर करा." कोणाचाही हात वर झाला नाही.

कापडाचेही गणित असते. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट. सात फुटांची घडी घातली तर चार थरांना फूटभर कमीच पडते, आणि पन्हा चार फुटांच्या आतबाहेर. म्हणजे रुंदीसाठी दुसऱ्या लुगड्याचा जोड हवाच. शिवाय लुगडे सुती हवे आणि पुष्कळ धुतलेले हवे. नव्या कापडात सुई अडते, जुन्यात ती लोण्यातून जावी तशी जाते. खरी अडचण इथेच आहे. आमच्या आज्यांनी सुती लुगडी विरेपर्यंत नेसली. आमच्या कपाटांत आहेत जॉर्जेट आणि नायलॉन. ती विरत नाहीत, फाटत नाहीत, सुईखालून सुळकन् निसटतात आणि अंगावर घेतली तर घाम फुटतो. पुढे नातवंडांना गोधडी कशाची शिवणार, हा प्रश्न आमच्या बैठकीत दर वेळी निघतो आणि चहा आला की तिथेच राहतो.

आता कोणाच्या हातात काय आहे ते सांगते.

पेणच्या आमच्या एक वहिनी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात. पेणचा गणपती म्हटला की बाकीच्यांना दहा दिवस आठवतात. वहिनींना मात्र वर्षातले बरेच महिने. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर कितीतरी आधी बोटीने रवाना व्हाव्या लागतात. कामाचा जोर वाढला की त्यांची गोधडी घडी घालून बाजूला पडते, ती विसर्जनानंतरच उघडते. पण त्यांची ओळ पाहावी! न आखता, न मोजता घातलेली आणि दोरी धरल्यासारखी सरळ. देवाच्या पापणीवर कुंचला ज्याला थरथरू देता येत नाही, त्या हाताला धावदोऱ्याचे काय कौतुक?

रोह्याची आमची सर्वांत धाकटी मैत्रीण धाटावच्या एका कारखान्यात नोकरी करते. तिने बाळासाठी दुपटे धरले, पाचवा महिना असताना. बाळ झाले, रांगले, चालले. या जूनपासून ते बालवाडीत जाते. दुपट्याचा एक कोपरा अजून व्हायचा आहे! परवा त्या चिरंजीवांनीच ते उचलून विचारले, "आई, हे माझ्या बाहुल्याचं का?" आम्ही हसलो, तीही हसली. मग म्हणाली, "खरंच त्याचंच करते आता."

आणि मेळ्यातले एकुलते एक पुरुष म्हणजे एस.टी.तून निवृत्त झालेले आमचे काका. आधी ते काकूंच्या सुईत दोरा ओवून देत. काकूंची दृष्टी मंदावली, तेव्हा काकांनीच सुई हाती घेतली. त्यांची गोधडी खाकी आहे. नोकरीतले सगळे गणवेश त्यांनी जपून ठेवले होते. ते कापड इतके जाड की साधी सुई मोडते; काका दाभणाने टोचून आधी भोक पाडतात आणि मग त्यातून सुई घालतात. "घाटातून गाडी काढायची तर घाई चालत नाही," हे त्यांचे उत्तर ठरलेले.

गोधडी शिवून झाली तरी काम संपत नाही. ती धुवायची असते. पाणी प्यालेली गोधडी दोघींनी पिळावी लागते. इथे रोहेकरणी आम्हा पेणकरणींना हमखास टोमणा मारतात. पेणच्या खारेपाटात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओरड, तिथे गोधडी कोण धुवू देणार! रोह्याला कुंडलिका आहे, आणि ती उन्हाळ्यातही आटत नाही. भिरा येथे १९२७ पासून चालू असलेल्या टाटांच्या वीजघरातून सुटणारे पाणी तिला मिळते. पण ते पाणी मुळशीच्या धरणाचे, आणि त्या धरणासाठी ज्यांची शेतेघरे बुडाली त्यांनी सेनापती बापटांच्या मागे उभे राहून १९२१ पासून सत्याग्रह केला होता, हेही आमच्या शिक्षिकाबाई टोमणा मारणारीला सांगायला विसरत नाहीत. एकाची ऊब कुणाच्या तरी लुगड्यातून येते, तसेच हे.

गोधडीला आपण फार काळ गरिबीची खूण मानले. पाहुणे आले की ती आत आणि सोलापुरी चादर बाहेर! पण हीच कला नाव बदलून जागोजागी नांदते आहे. घाटावर ती वाकळ, बंगालमध्ये कांथा, बिहारात सुजनी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदी. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. ते २०१३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे खेडे आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्यांच्या लेकीसुना तिथे कामाचे फाटके कपडे जोडून पांघरुणे शिवीत. २००२ साली ती ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर चढली आणि २००६ साली टपालाच्या तिकिटांवर आली. थंडी भागवण्यासाठी केलेली वस्तू भिंतीवर गेली, याचा आनंद वाटतो. पण मनात येते की भिंतीला कुठे थंडी वाजते?

हाच प्रश्न रोह्याच्या एका आजींनी आम्हाला वेगळ्या शब्दांत विचारला, आणि तेव्हापासून आमच्या मेळ्याचे वळणच बदलले.

या आजी आमच्या एका मैत्रिणीच्या सासूबाई. वय ८८. जन्मभर नऊवारी नेसल्या; पण हात वर जाईनात, निऱ्या आवरेनात, तेव्हा सुनेने त्यांना गाऊन घातला. अकरा लुगडी ट्रंकेत गेली. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आमची बैठक त्यांच्या घरी होती. आजी खाटेवरून बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, "माझी लुगडी काढा गं. फाडा ती."

सून चरकली. "काहीतरीच काय, आई! तुम्ही असताना?"

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या लुगड्यांची गोधडी होते ती त्यांच्या माघारी. जित्या माणसाच्या वस्त्राला कात्री लावायची म्हटले की जीव दचकतो. पण आजींचे म्हणणे सरळ होते. "मी गेल्यावर करणारच आहात ना? थंडी मला आत्ता वाजतेय."

त्यावर कोण काय बोलणार! मुलगा गप्प बसला. ठाण्याच्या लेकीला कळले, तशी ती पहिल्या गाडीने आली. तिला आईचे हिरवे इरकली लुगडे अख्खे हवे होते. "ते तरी फाडू नकोस, आई. तुझी आठवण म्हणून राहू दे."

"नेसणार आहेस का?"

"नाही, पण..."

"मग माझ्या ट्रंकेतून तुझ्या ट्रंकेत. त्यात माझं काय राहिलं?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही सगळ्या खाली माना घालून उगीचच दोरे ओवत बसलो. आजींनी मात्र त्याच हिरव्या लुगड्याच्या कडेला कात्रीने जरासे कातरले आणि दोन्ही हातांनी ओढू लागल्या. हातांत जोर नव्हता. आणि जोर असता तरी नऊ वारांचे लुगडे एकटीला सरळ फाडता येत नाही. दुसरे टोक धरायला कोणीतरी लागतेच. आजी लेकीकडे बघत राहिल्या. काही वेळाने लेक उठली, समोर जाऊन बसली आणि तिने दुसरे टोक धरले. जुने सूत चर्र करीत शेवटपर्यंत सरळ फाटत गेले. लेकीने एक पट्टी मागून घेतली, तेवढी मात्र आजींनी दिली.

ती गोधडी आम्ही आठांनी मिळून शिवली. म्हणजे शिवतो आहोत. आजी खाटेवरून देखरेख करतात. "हा टाका आहे का पायरी?" असे त्यांनी काकांनाही सुनावले आहे. एक ओळ त्यांनी स्वतः घातली. ती नागमोडी गेली. शिक्षिकाबाईंचा हात उसवायला शिवशिवत होता. वाद झाला, चांगला अर्धा तास झाला, आणि ओळ राहिली.

तीन कडा कधीच पुऱ्या झाल्या. चौथी मात्र होत नाही. झाली असे वाटले की आजी चष्मा लावून कुठेतरी बोट ठेवतात, "हे सैल आहे, उसवा." तीनदा असे झाल्यावर सुनेने विचारले, "आई, तुम्हाला ती पुरी व्हायला नकोय का?" आजी म्हणाल्या, "पुरी झाली की या सगळ्या कशाला येतील इथं?"

तेव्हापासून आम्ही चौथ्या कडेची घाई सोडली. कच्च्या टाक्यांवरच ती गोधडी आजींनी दोन हिवाळे पांघरली. जड आहे, अशी तक्रार रोज करतात आणि दुसरी कोणी देऊ केली तर घेत नाहीत. बैठक मात्र आता एक महिन्याआड पेणला आणि एक महिन्याआड आजींच्याच घरी, रोह्यात दुसरीकडे कुठे नाही.

तेव्हा भगिनींनो, यंदा माळ्यावरून बोचके खाली आले तर ते लगेच वर टाकू नका, आणि लाजूही नका. आधी एवढेच पाहा की ते कोणासाठी धरले होते. लहान मुलाचे असेल तर उद्याच बसा, कारण मुले थांबत नाहीत. आपल्याच्याने होणार नसेल तर दुसऱ्या हाताला द्या. सुईला हात बदललेला चालतो. घरात कोणी वडीलधारे असेल, तर त्यांच्या ट्रंकेतल्या लुगड्यांचे काय करायचे ते त्यांनाच विचारा, आणि त्या असतानाच विचारा. उत्तर कदाचित 'हात लावू नका' असे येईल. तर ती त्यांची मर्जी.

आणि फराळाला पाहुणे येण्याआधी गोधडी उचलाल, तेव्हा तिच्यात राहिलेली सुई आठवणीने काढून डबीत ठेवा. आमच्या मेळ्यात सुया मोजूनच उठायचा नियम आहे. तो कोणामुळे करावा लागला ते मी लिहीत नाही. काका हे पान वाचतात.