देश नेमका कशाने फुटतो?

शुक्रवारी कँटीनमध्ये वाद पेटला. एक मित्र म्हणाला, "राज्यांना जास्त अधिकार दिले की देश फुटतो. सोव्हिएत युनियन बघ, युगोस्लाव्हिया बघ!" टाळ्या घेणारं वाक्य आहे, पण अर्धवट. म्हटलं बाबा, एवढ्या लांब कशाला? श्रीलंका बघ ना.

साल १९५६. इकडे भाषावार प्रांतरचना झाली आणि त्याच वर्षी तिकडे बंडारनायकेंनी सिंहली ही एकमेव राजभाषा केली. गंमत म्हणजे याच गृहस्थांनी १९२६ मध्ये सिलोनला संघराज्यच हवं असं मांडलं होतं! १९५७ मध्ये त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी प्रादेशिक परिषदांचा करार केला. मागणी संघराज्याची होती, हे त्याहून कितीतरी कमी. तरी विरोध झाला आणि १९५८ मध्ये करार रद्द. १९७२ च्या घटनेने 'एकात्म राज्य' असा शिक्काच मारला. १९७६ मध्ये तमिळ पक्षांनी वेगळा देश मागितला. १९८३ ते २००९ युद्ध. म्हणजे एकसंध राहायच्या हट्टापायी उत्तर भाग वर्षानुवर्षं वाघांच्या ताब्यात!

आणि आपल्याकडे? द्रविडनाडूची मागणी होतीच की. १९६३ मध्ये अण्णादुराईंनी ती सोडली. फुटीरतेविरुद्धच्या घटनादुरुस्तीचा धाक होता, मान्य. पण निवडणुकीत जिंकण्यासारखं राज्यही समोर होतं, आणि १९६७ मध्ये त्यांनी ते जिंकलं. आपणही महाराष्ट्र भांडूनच मिळवला. म्हणून देश फुटला का?

आता मित्राची उदाहरणं. सोव्हिएत संघराज्य कागदावर, सत्ता एका पक्षाकडे. युगोस्लाव्हियात १९८९ मध्ये सर्बियाने कोसोवोची स्वायत्तता कापली, फाटाफूट त्यानंतरची. दोष अधिकार देण्याचा की काढून घेण्याचा?

श्रीलंकेत १९८७ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा आल्या खऱ्या, पण राज्यपाल राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला आणि जमीन-पोलिसांचे अधिकार कागदावरच. २०१९ पर्यंत सगळ्या परिषदांची मुदत संपली, पुढे कित्येक वर्षं निवडणुकाच नाहीत. थोडक्यात काय, युजर अकाउंट दिलं, परमिशन्स एकही नाही.

२०१७ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संघराज्य मागणं म्हणजे फुटीरता नव्हे. मग अडतंय कुठे? माझं मत स्पष्ट आहे: श्रीलंकेने खरंखुरं संघराज्य स्वीकारावं, आणि तेही शांतता आहे तोवर. बंदुकीच्या धाकाने दिलेले अधिकार टिकत नाहीत.

मित्राने चहा संपवला आणि म्हणाला, "सोमवारी बोलू." बोलूच!