उशिरा आलेल्याला आत घ्या

पहाटे साडेपाचला आमच्या घरात दोन आवाज असतात. एक रस्त्यावरून जाणाऱ्या कोळशाच्या ट्रकचा आणि दुसरा माझ्या मोबाइलमधल्या घंटेचा. वणीत राहायचं तर ट्रकची सवय करून घ्यावीच लागते. घंटेची मात्र मी मुद्दाम लावून घेतली. तीन टोल पडले की खुर्चीत ताठ बसायचं, उजव्या तळव्यावर डावा तळवा ठेवायचा, नजर भिंतीकडे जरा खाली, आणि श्वास मोजायचे. एक ते दहा, मग पुन्हा एक. वीस मिनिटांनी एक टोल पडतो आणि मी चहाचं आधण ठेवायला उठते. याला झेन ध्यान म्हणतात.

सत्तरी ओलांडलेल्या, मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या मास्तरीणबाईंना हे जपानी खूळ कुठून लागलं, असं वाटेल तुम्हाला. पण शब्द परका नाही. संस्कृतातलं ध्यान पालीत झान झालं, चीनमध्ये चान झालं आणि जपानमध्ये पोचेपर्यंत झेन. माहेरची मुलगी सासरी नाव बदलून नांदावी, तसंच हे.

आता कारण सांगते. आमच्या ह्यांना चार वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंश सुरू झाला. "राजू आला का शाळेतून?" हा प्रश्न ते दिवसातून तीस-चाळीस वेळा विचारतात. राजू आता सेहेचाळीस वर्षांचा आहे, पुण्याला असतो. पहिल्या दहा वेळा मी नीट उत्तर देते. एका संध्याकाळी मात्र मी इतक्या जोरात ओरडले की हे कोपऱ्यात सरकले आणि त्यांनी कानांवर हात ठेवले. वर्गात छडी उगारली की लहान मुलं तशी करायची. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांचा प्रश्न आणि माझं उत्तर, यांच्यामध्ये मला दोन श्वासांपुरती तरी जागा हवी होती.

विपश्यनेचं नाव मी ऐकून होते. इगतपुरीला १९७६ पासून धम्मगिरी आहे, तिथे दहा दिवसांचं शिबिर असतं, फी नसते, पूर्ण मौन असतं. ओळखीतली दोघं-तिघं जाऊन आली होती, चांगलं सांगत होती. पण मी दहा दिवस कशी जाणार? मला दहा मिनिटं भाजीला जायचं तर शेजारणीला बसवून जावं लागतं. कोडाईकनालजवळ फादर आमा सामी या येशूसंघी धर्मगुरूंनी सुरू केलेलं बोधी झेंडो हे झेन केंद्र आहे, तेही माझ्यासाठी तितकंच लांब.

तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं वाट काढली. ती पुण्यात असते आणि बरीच वर्षं झेन पद्धतीनं बसते. तिनं अकरा जणांचा गट केला. रोज पहाटे झूमवर सगळे बसतात. कुणी नागपूरचं, कुणी पुण्याचं, एक बाई न्यू जर्सीतली. उन्हाळ्यात तिच्याकडे आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. नुसतं बसायचं, बोलायचं नाही. बोलणं फक्त रविवारी, अर्धा तास.

शेजारचा मुलगा मला म्हणाला, "काकू, मोबाईलवर काई ध्यान होते का?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ध्यान एकांतात करायचं असतं, असंच आपण लहानपणापासून ऐकतो. ऋषी म्हटला की गुहाच डोळ्यांसमोर येते.

पण आपल्या विदर्भाचा अनुभव वेगळा आहे. तुकडोजी महाराजांनी गावोगाव सामुदायिक ध्यान आणि सामुदायिक प्रार्थना रुजवली. पहाटे ध्यान, सायंकाळी प्रार्थना. सगळ्या जातींची माणसं एका रांगेत. दिवसभर कापसात राबलेल्या माणसाला 'तू एकटा बसून मन एकाग्र कर' असं सांगून भागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गेले. दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीच्या गुरुकुंजात त्याच मिनिटाला अफाट गर्दी मौन धरून उभी राहते. ज्यांना जाणं होत नाही, ती माणसं आहेत तिथेच उभी राहतात. घरात, शेतात, दुकानात. त्या उभं राहण्याला कुणी खोटं म्हणतं का? मैलोन् मैल अंतर ठेवून एकत्र गप्प बसणं आपण मोबाइल यायच्या कितीतरी आधी शिकलो आहोत.

विपश्यनेतही शिबिर झाल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा आणि आठवड्यातून एकदा सामूहिक साधनेला या, असं सांगतात. खुद्द जपानमध्ये, त्सुकुबा इथे, जुंडो कोहेन नावाच्या सोतो पंथाच्या गुरूंनी ट्रीलीफ नावाचा संघ इंटरनेटवरच चालवला आहे. आजारपण, लहान मुलं, घरातलं माणूस सांभाळणं, दूरचं गाव अशा कारणांनी ज्यांना केंद्रात जाता येत नाही, त्यांच्यासाठी. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, ही तर माझीच यादी आहे.

तेव्हा माझं पहिलं मत हे की, रोजच्या ध्यानाला सोबत लागते, आणि ती पडद्यावरची असली तरी चालते. 'हे काही खरं नव्हे' असं बहुधा ज्यांना घराबाहेर पडता येतं तीच माणसं म्हणतात.

दुसरं मत मला स्वतःच्या खर्चानं सुचलं, आणि खरं तर तेच सांगायला आज बसले आहे.

गटात दोन महिन्यांनी कुणीतरी तक्ता सुचवला. रोज नावापुढे खूण करायची आणि सलग किती दिवस झाले ते मोजायचे. मला तो फार आवडला. सदतीस वर्षं हजेरीपट भरलेली बाई मी! माझे एकोणसत्तर दिवस झाले तेव्हा मी राजूला फोन करून सांगितलं. रविवारी बोलायला बसलो की आधी आकडे निघू लागले. दोघं जण हळूच येईनासे झाले, तेव्हा माझ्या मनात आलं, यांच्यात चिकाटी नाही.

मग ह्यांना न्यूमोनिया झाला. तेरा दिवस दवाखान्यात होते. घरी आल्यावर पहिल्या पहाटे मी मोबाइल हातात घेतला आणि खाली ठेवला. तक्त्यातली माझी ओळ कोरी पडली होती. आता पुन्हा एकपासून सुरू, आणि सगळ्यांसमोर! आज नको, उद्या बघू, असं करत महिना गेला. मला वेळ नव्हता असं नाही. मला लाज वाटत होती, एवढंच.

आणि त्या महिन्यात मला एक मुलगा आठवला. सातवीत होता. आमच्याकडे कापूस वेचणीला आला की वर्ग अर्धे रिकामे व्हायचे. हा मुलगा आईबरोबर वेचायला जायचा. तीन आठवड्यांनी तो शाळेत आला तेव्हा मी त्याला दारातच उभं केलं आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, "कुठं होतास इतके दिवस? आता आठवण आली का शाळेची?" पोरं हसली. तो दोन दिवस आला, मागच्या बाकावर बसला, आणि मग आलाच नाही. तेव्हा मी म्हणायचे की गरिबीनं त्याची शाळा सोडवली. गरिबी तर होतीच. पण गरिबीतूनही तो त्या दिवशी दारापर्यंत आला होता. दारातून त्याला परत कुणी पाठवलं?

शेवटी त्या विद्यार्थिनीचा फोन आला. "बाई, उद्या येता का?" एवढंच. किती दिवस झाले, का आला नाहीत, काही नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले. तीन टोल पडले, सगळे भिंतीकडे बघत बसलेले. मलाही कुणी काही विचारलं नाही. वीस मिनिटांत माझे श्वास एकदाही दहापर्यंत पोचले नाहीत.

पण झेनमध्ये मोजणी चुकली की काय करायचं, हे पहिल्याच दिवशी सांगतात. स्वतःवर चिडायचं नाही, कुठे चुकलं ते शोधत बसायचं नाही. पुन्हा एक म्हणायचं. श्वासांना जो नियम, तोच दिवसांना का लावू नये? मन भटकणारच, तशी माणसंही गैरहजर राहणारच. घरात आजारपण येतं, लग्न येतं, वेचणी येते. सवय टिकते की मोडते, हे परत येणाऱ्याला दारात काय ऐकू येतं यावर बरंच ठरतं.

आम्ही तो तक्ता बंद केला. मीच सुचवलं. काहींना आकड्यांनी हुरूप येतो, हे मला मान्य आहे. त्यांनी आपल्या वहीत लिहावं, भिंतीवर लावू नये. तुम्हाला असा गट करायचा असेल तर माझे चार शब्द लक्षात ठेवा. वेळ ठरलेली ठेवा आणि थोडी ठेवा. रोज दार उघडायला एक माणूस नक्की असू द्या, त्या दिवशी दुसरं कुणी आलं नाही तरी. कॅमेऱ्यासमोर चेहरा नसला तरी चालेल, जमीन दिसली तरी पुरे. आणि कुणी आठवडाभर दिसलं नाही, तर एकानं एकच फोन करावा आणि फक्त उद्याचं विचारावं.

यानं मी शांत झाले, असं खोटं सांगणार नाही. अजूनही ओरडते. पण ओरडून झाल्यावर पूर्वी दिवसभर धुमसायचे, आता लवकर परत येते. ह्यांच्याजवळ जाऊन बसते. "राजू आला का शाळेतून?" ते विचारतात. "येईल आता," मी म्हणते.

तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. कुठे आहे माहीत नाही. भेटला तर त्याला एवढंच म्हणायचं आहे, ये, बस.