भिंतीवरील प्रमाणपत्र आणि पदविकाधारकाचे भवितव्य

बारावी विज्ञानानंतर दोन वर्षांचे शिक्षण आणि ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण पुरे करून औषधनिर्माणशास्त्राचे पदविकाधारक बाहेर पडतात. त्यांपैकी कित्येक जण श्रमिक व निम्नमध्यमवर्गीय घरांतले असतात. चार वर्षांच्या पदवीचा खर्च झेपत नाही, म्हणून त्यांनी पदविकेची वाट धरलेली असते. पुढे काय, हा त्यांचा प्रश्न व्यक्तिगत हुशारीचा म्हणून सोडून देता येणार नाही.

१९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावयाचे असते. प्रत्यक्षात अनेक दुकानांत फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते आणि औषध देतो तो तुटपुंज्या पगारावर राबणारा अप्रशिक्षित नोकर! मालक प्रमाणपत्राचे मासिक भाडे मोजतो. जगण्यासाठी पदविकाधारक आपले नाव विकतो आणि चुकलेल्या औषधाची किंमत गरीब रुग्ण मोजतो. नफेखोरीच्या या व्यवहारात तिघेही भरडले जातात.

स्वतःचे दुकान काढण्यास भांडवल लागते. सरकारी रुग्णालयातील नोकरी हा आधार खरा. पण पदे भरली तरच. औषध निरीक्षकाच्या पदासाठी १९४५ च्या नियमांनुसार पदवी आवश्यक आहे, त्यामुळे ते दार पदविकेवर उघडत नाही.

म्हणून पुढील शिक्षणाला महत्त्व आहे. पदविकाधारकास बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. म्हणजे तीन वर्षांत पदवी हाती येते. २००८ पासूनच्या फार्म. डी. अभ्यासक्रमासही तो पात्र आहे; मात्र तेथे पहिल्या वर्षापासून आरंभ करून सहा वर्षे काढावी लागतात. वाटा आहेत, परंतु खाजगी महाविद्यालयांची फी भरणाऱ्यालाच त्या मोकळ्या आहेत.

शासकीय महाविद्यालयांत थेट द्वितीय वर्षाच्या जागा व शिष्यवृत्त्या वाढवाव्यात, रिक्त पदे त्वरित भरावीत, ४२ व्या कलमाची कठोर अंमलबजावणी व्हावी आणि दुकानातील फार्मासिस्टला नेमणूकपत्र व रास्त वेतन मिळावे, या मागण्यांवर विद्यार्थी, औषध दुकानांतील कामगार व आरोग्य कर्मचारी यांची एकजूट उभारणे आवश्यक आहे. विखुरलेल्या फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भाड्याने जाते. संघटित फार्मासिस्ट आपल्या ज्ञानाचा मोबदला मागू शकतो. ठिकठिकाणच्या पक्षसभासदांनी या तरुणांपर्यंत पोहोचलेच पाहिजे.