पासिंगला निघालेली जुनी पिकअप

माल वाहणारी गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंगला न्यावी लागते, आणि पासिंगची तारीख जवळ आली की घरात रंगाचा विषय निघतो. कोकणात तर हमखास निघतो. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला मासळीच्या पेट्या उचलायच्या, एप्रिल-मे महिन्यांत त्याच गाडीत आंब्याच्या पेट्या भरायच्या, उरलेल्या दिवसांत चिरे नाहीतर लग्नमंडपाचे सामान. बर्फाचे खारे पाणी हौद्यात झिरपत राहते आणि समुद्रावरचा वारा बाहेरून पत्रा खातो. इंजिन ठणठणीत असते, पत्र्याची मात्र चाळण झालेली असते. आमच्या घरची पिकअप या अवस्थेला आली, तेव्हा आमच्यापुढे तीन वाटा होत्या.

नवी गाडी घ्यायची तर फायनान्सशिवाय जमत नाही, आणि फायनान्स म्हणजे व्याज. ते नको हे घरात आधीच ठरलेले. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करून घ्यायचे तर ४८ हजार सांगितले. हाताशी होते १८ हजार, तेही आंब्याच्या हंगामातून बाजूला ठेवलेले. तेव्हा जेवढे अंगमेहनतीने होईल तेवढे घरी करायचे आणि जे येत नाही तेवढ्याचेच पैसे द्यायचे, ही तिसरी वाट उरली. अनेक घरांत हाच हिशेब चालू असेल म्हणून तपशील देत आहोत.

पहिली अडचण वेळेची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे गाडीला सुट्टी. पण हेच दोन महिने रंगाला सर्वांत वाईट. हवेत दमटपणा असला की रंग लवकर सुकत नाही, आणि एन.सी. रंग असेल तर त्यावर पांढुरका धुरकट थर येतो. दिवाळीपूर्वी ऑक्टोबरचे कोरडे ऊन उत्तम, पण तेव्हा गाडी उभी ठेवणे म्हणजे रोजची मजुरी बुडवणे. आम्ही काम दोन तुकड्यांत केले. पत्र्याचे काम जुलैमध्ये शेडखाली, रंगाचे ऑक्टोबरमध्ये चार दिवसांत. मधल्या काळात उघडा पत्रा राहू नये म्हणून त्यावर इपॉक्सी प्रायमर मारला. साधा रेड ऑक्साइड स्वस्त असतो, परंतु तो पाणी शोषतो. त्याच्या भरवशावर गाडी दोन महिने पावसात फिरवली तर खालून पुन्हा गंज सुरू होतो. ऑगस्ट-सप्टेंबर गाडी ठिगळांच्या गोधडीसारखी दिसत होती. शाळेत मुलांना त्यावरून चिडवले गेले. धाकटा तर शाळेच्या फाटकाच्या अलीकडेच उतरू लागला!

खरे काम गंजाचे. रंग शेवटी लागतो आणि नजरेत तोच भरतो, म्हणून पैसेही लोक त्याच्यावरच घालतात. पण जुनी गाडी किती वर्षे टिकणार हे रंगाखाली ठरते. एक जाड स्क्रूड्रायव्हर घ्यावा आणि संशयाच्या जागी टोकाने दाबून पाहावे. चाकांवरच्या कमानी, पायदान, दाराची खालची कड, पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी, हौद्याच्या तळाचे सांधे आणि फाळक्याच्या बिजागऱ्या या नेहमीच्या जागा. टोक खडखडीत वाजले तर गंज वरवरचा; तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. टोक आत गेले तर तो पत्रा कापून नवा जोडण्याला पर्याय नाही. भोकावर पुट्टी थापली की दोन दिवसांत सपाट आणि सुंदर दिसते, पण मागच्या बाजूने ती पाणी पीत राहते आणि पुढच्या पावसाळ्यात फुगवटा धरून निघते. पुट्टी ही खड्डा समतल करण्यासाठी, भोक बुजवण्यासाठी नव्हे. तीही दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावी.

वेल्डिंग आम्ही बाहेरून करवले. त्यापूर्वी बॅटरीच्या वायरी काढून ठेवाव्यात, नाहीतर अल्टरनेटर जाण्याची भीती. आणि डिझेलच्या टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नये. दारांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती चिखलाने बुजलेली असतात आणि दार आतून कुजते. जुनी तार घालून ती मोकळी करायला एक पैसाही लागत नाही.

मासळीच्या गाडीत आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे तेलकटपणा. पत्र्यावर मासळीची चरबी आणि मीठ बसलेले असते. घरच्या बायकांनी सुचवलेला उपाय इथे कामी आला. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून हौदा दोनदा घासला आणि नंतर गोड्या पाण्याने भरपूर धुतला. मीठ प्रायमरखाली राहिले तर रंगाला फोड येतात, चरबी राहिली तर रंग गोळा होऊन मधे गोल डाग उरतात. रंगारी त्या डागाला ‘फिश आय’ म्हणतात. मासळीच्या गाडीला याहून शोभणारा दोष कोणता!

रंग कोणता घ्यावा यावर घरात बराच वाद झाला. पी.यू. रंग चमकदार आणि टिकाऊ हे खरे. पण त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि साधा कापडी रुमाल किंवा धुळीचा मास्क ती वाफ अडवत नाही. अंगणात, मुलाबाळांच्या घराजवळ तो फवारणे आम्हाला पटले नाही. एन.सी. मिनिटांत सुकतो, पण मेहनतीने पॉलिश केल्याशिवाय चमकत नाही. आम्ही साधा सिंथेटिक इनॅमल घेतला. तो सुकायला रात्र घेतो, त्यावर धूळ बसते, चार-पाच वर्षांत तो निस्तेजही होईल. परंतु ओरखडा आला तर ब्रशने घरी दुरुस्त करता येतो. कामाच्या गाडीला हा गुण चमकेपेक्षा मोठा. कॉम्प्रेसर मिळत नसेल तर स्पंजचा रोलर आणि वरून हलका ब्रश फिरवूनही इनॅमल बरा लागतो.

एक चाचणी मात्र चुकवू नये. थिनरमध्ये भिजवलेला पांढरा कपडा जुन्या रंगावर घासावा. कपड्यावर रंग उतरला तर पूर्वी कुणीतरी एन.सी. मारलेला आहे, काहीच उतरले नाही तर बहुधा कंपनीचा मूळ रंग आहे. खालचा थर साधा इनॅमल असेल आणि त्यावर तेज थिनरचा रंग मारला, तर पहिला थर सुरकुतून उठतो आणि सगळे पुन्हा खरवडावे लागते. घासताना पाणी वापरावे. जुन्या पिवळ्या-लाल रंगांत शिसे असू शकते, ती कोरडी धूळ पोरांच्या नाकातोंडात जाता कामा नये.

रंग पांढराच ठेवला. गाडी मूळची पांढरी, आणि आर.सी. बुकावर रंगाची नोंद असते. रंग बदलायचा तर आर.टी.ओ.कडे तीही बदलून घ्यावी लागते. शिवाय पांढरा उन्हात कमी तापतो आणि पुढे जोड रंग मिळवायला त्रास नाही. हिरवा हवाच असेल तर लष्करी ऑलिव्ह ग्रीन टाळावा; कायद्याने तो संरक्षण दलाच्या गाड्यांशिवाय कुणाला लावता येत नाही. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट काढायची नसते, ती आहे तिथेच कागद-टेप लावून झाकावी. परावर्तक पट्ट्या नव्याने लावाव्यात: पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल.

खर्च असा झाला. पत्रा आणि वेल्डिंग ५,५००. पेपर, प्रायमर, पुट्टी ४,२००. पाच लिटर रंग आणि थिनर ३,३००. कॉम्प्रेसरसह रंगारी दोन दिवस ३,०००. पट्ट्या आणि किरकोळ १,४००. एकूण १७,४००. घासण्याची मजुरी यात नाही, कारण ती आमच्याच मनगटांनी भरली.

जुलैत काम अर्धे असतानाच एक दलाल अंगणात आला होता. म्हणाला, “कशाला एवढे कापताय? पुट्टी भरा, रंग मारा, पुढच्या आठवड्यात घाटावरचे गिऱ्हाईक आणतो. सव्वा लाख कुठे गेले नाहीत.” त्या वेळी घरात पैशाची तंगी होती, अब्बांच्या डोळ्यांचे ऑपरेशन तोंडावर होते, आणि रक्कम काही लहान नव्हती. रात्री जेवताना तोच विषय. थोरल्या भाईजानचे म्हणणे, जुनी गाडी घेणाऱ्याला ती जुनी आहे हे माहीतच असते, पाहून घेण्याची जबाबदारी त्याची. ऐकायला ते बरोबर वाटत होते. अम्मीने तेव्हा धान्याच्या ढिगाची हदीस सांगितली. बाजारातील एका ढिगात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा प्रश्न त्याला करण्यात आला, आणि फसवणारा आपला नव्हे असे बजावण्यात आले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेली असते. त्या रात्री ती पुट्टीवर येऊन बसली. भाईजान काही बोलले नाहीत. सकाळी त्यांनीच दलालाला फोन केला आणि पायदानाचा कुजलेला पत्रा कापायला घेतला. ऑपरेशन महिनाभर पुढे गेले, अल्हम्दुलिल्लाह नीट पार पडले.

ज्यांना गाडी खरोखर विकायची आहे त्यांनी रंग जरूर द्यावा, त्यात गैर काही नाही. फक्त पत्रा कापण्यापूर्वीचे आणि जोडल्यानंतरचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत आणि घेणाऱ्याला आपण होऊन दाखवावेत. आम्हीही ते जपून ठेवले आहेत. ते पाहून एखादा भाव पाडेल, एखादा काम नीट झाल्याचे पाहून वाढवूनही देईल.

राहता राहिले अक्षरांचे. मागच्या फाळक्यावर पूर्वी ‘माशाअल्लाह’ लिहिलेले होते. चाकांचा चिखल तिथेच उडतो आणि पेट्या चढवताना पायही तिथेच लागतो. म्हणून या वेळी ते केबिनच्या कपाळावर, काचेच्या वर घेतले. रेडियमचे स्टिकर स्वस्त पडले असते, पण आमच्या गावात ब्रशने अक्षरे काढणारा एकच पेंटर उरला आहे. त्याने उर्दू आणि मराठी दोन्ही अक्षरे तासाभरात काढली, पैसे विचारले तर म्हणाला, मासळी आली की दोन बांगडे पाठवा. आम्ही डझनभर पाठवले.