यंत्र विकत मिळते, बसलेला हात नाही

खंडेनवमीच्या दिवशी सुताराच्या कारखान्यात रंधा, पटाशी, करवत आणि गुण्या पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहण्याची परंपरा जुनी आहे. गेल्या काही दशकांत या पूजेत विजेवर चालणाऱ्या यंत्रांचीही भर पडली. रंधा-यंत्र आले, चक्री करवत आली आणि त्यांच्या शेजारी एक बुटके, साधेसुधे दिसणारे यंत्र येऊन बसले. कोणी त्याला स्पिंडल मोल्डर म्हणतो, कोणी नुसते स्पिंडल, तर कोणी शेपर. (यंत्रशाळेत धातू तासणारा शेपर वेगळा, येथे लाकडाच्या शेपरचा विचार आहे.) लोखंडी टेबल, त्याच्या मधोमध वर आलेला एक उभा दांडा आणि त्या दांड्यावर बसवलेले धारदार कटर, एवढाच त्याचा संसार. दाराच्या चौकटीची खाच, पॅनेलची उतरती कड, देवघराच्या कमानीची गोलाई ही सारी कामे तो घटकाभरात करतो. पूजेच्या दिवशी त्यालाही फूल मिळते. प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे. ज्या यंत्रापुढे हात जोडले जातात, त्याच यंत्रापुढे अप्रशिक्षित मुलाचा हात सरकवताना कोणाच्या मनात किंतु का येत नाही?

या यंत्राचा धोका समजून घ्यायचा तर आधी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हातरंध्यात लाकूड स्थिर असते आणि हत्यार चालते. दोन्ही हात हत्यारावर असतात. शेपरमध्ये सारे उलटे आहे. हत्यार जागच्या जागी फिरते आणि लाकूड चालते. म्हणजेच लाकडावर ठेवलेले हात पात्याच्या दिशेने जातात. रंध्यावर बसलेला हात येथे उपयोगी पडत नाही. किंबहुना त्याची जुनी सवयच घात करते. रंधा अडला की कारागीर जोर वाढवतो. शेपरवर लाकूड अडले असता जोर वाढवला, तर लाकूड उसळून बाजूला जाते आणि जोर लावणारा हात मोकळ्या झालेल्या कटरवर जातो. वीस वर्षे हातकाम केलेला कसलेला मिस्त्रीही या यंत्रापुढे नवशिकाच असतो, हे मान्य करण्यात कोणताही कमीपणा नाही.

कौशल्य बटण दाबण्यापूर्वीचे

शेपरवरचे कौशल्य लाकूड सरकवण्यात थोडे आणि यंत्राची जोडणी करण्यात फार असते. कसबी कारागीर अर्धा तास जोडणी करतो आणि पाच मिनिटांत काम उरकतो. अर्धवट शिकलेला पाच मिनिटांत जोडणी करतो आणि दिवसभर बिघडलेले लाकूड घासत बसतो. म्हणून शिक्षणाचा पहिला धडा वीज बंद असतानाच गिरवायचा असतो. प्लग काढलेला, कटर दांड्यावर घट्ट बसलेले, नट आवळलेला, आणि मग कटर हाताने एक पूर्ण फेरा फिरवून ते कोठेही घासत नाही याची खात्री केलेली, हा क्रम अंगवळणी पडल्याखेरीज उमेदवाराला बटणाजवळ फिरकू देऊ नये.

दुसरा धडा वेगाचा. बहुतेक यंत्रांवर पट्टा बदलून दांड्याचे फेरे कमी-जास्त करता येतात. मात्र महत्त्व केवळ फेऱ्यांना नसून कटरच्या कडेच्या वेगाला असते. हाताने लाकूड सरकवताना हा वेग सेकंदाला साधारण ४० ते ७० मीटर असावा, असा दंडक आहे. गणित शाळकरी आहे: व्यास गुणिले ३.१४ गुणिले सेकंदाचे फेरे. १२५ मिलिमीटर व्यासाचे कटर मिनिटाला ७,५०० फेऱ्यांनी फिरले, तर कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४९ मीटर येतो, तो योग्य होय. तेच २०० मिलिमीटरचे कटर ९,००० फेऱ्यांवर चालवले, तर वेग ९४ मीटरच्या घरात जातो. अशा वेळी पाते निसटले तर ते कोठे जाईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. उलट वेग फारच कमी ठेवला, तर कटर कापण्याऐवजी लाकडाला धक्के देते आणि लाकूड उसळते. शिकवणाऱ्याने एवढे एक गणित शिकाऊ मुलाकडून कागदावर सोडवून घेतले, तर यंत्राविषयीचे त्याचे अर्धे अज्ञान दूर होईल.

तिसरा धडा दिशेचा. लाकूड नेहमी कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेनेच सरकवायचे. फिरण्याच्या दिशेने सरकवले तर कटर ते हातातून हिसकावून घेते आणि त्यामागे हातही ओढला जातो. लाकूड कटर आणि मार्गदर्शक पट्टी यांच्या मधून कधीही न्यायचे नाही. तेथे अडकलेला तुकडा बाणासारखा सुटतो. शक्य तेथे कटर लाकडाच्या खालच्या अंगाला ठेवायचे, म्हणजे लाकूडच कटरचे झाकण बनते. हात चुकून लाकूड किंचित उचलले गेले तर एक कड वाया जाते, बोट नव्हे.

सुरक्षा आणि सफाई एकच

येथेच एक रूढ गैरसमज दूर करायला हवा. झाकण, दाबपट्ट्या, ढकलकाठी ही सारी सुरक्षेची लचांडे असून त्यांनी कामाचा वेग मंदावतो, असे अनेक कारखान्यांत मानले जाते. ‘आमच्या उस्तादांनी कधी झाकण लावले नाही,’ हे वाक्य तर अभिमानाने उच्चारले जाते. वस्तुतः शेपरवर सुरक्षित काम आणि सुबक काम या दोन भिन्न गोष्टी नाहीतच. पट्टीच्या दोन भागांमधली मोकळी जागा एखादी फळी लावून बुजवली, तर बोट आत जाण्याचा धोका कमी होतो आणि लाकडाचे टोक त्या फटीत अडकून कडही बिघडत नाही. लाकडाची संपूर्ण कड तासायची असेल, तर पट्टीचा पुढचा भाग तासलेल्या जाडीइतका पुढे आणावा लागतो. तसे न केल्यास शेवटी लाकूड आधार सोडून आत झुकते, कडेला खळगा पडतो आणि हातही आत जातो. खोल खाच एका दमात न घेता दोन-तीन फेऱ्यांत घेतली, तर लाकूड उसळत नाही आणि शिराही उचकटत नाहीत. धार बोथट झालेल्या कटरला जास्त जोर लावावा लागतो, त्याने सागवानावर काळे डाग पडतात. तोच जास्तीचा जोर अपघाताचेही कारण ठरतो.

पॅनेलच्या चारही कडा तासायच्या असतील, तर आधी आडव्या शिरांची टोके घ्यावीत, तीही मागे आधाराचा ठोकळा लावून, आणि मग लांब बाजू. टोकाशी निघालेली कपची लांब बाजूच्या तासणीत निघून जाते. वाकड्या आकाराच्या कामाला पट्टीचा आधार नसतो. तेथे पक्का फर्मा, त्याच्यावर चालणारे बेअरिंग, लाकूड टेकवून आत घेण्यासाठी खुंटी आणि कटरभोवती कडे, एवढी सिद्धता झाल्याखेरीज कामाला हात घालू नये. लहान तुकडा तर शेपरवर धरूच नये. मोठ्या फळीची कड आधी तासावी आणि नंतर हवा तेवढा तुकडा कापून घ्यावा. हातमोजे, सैल बाह्या, मनगटावरचे कडे वा गंडादोरा यांना या यंत्रापाशी स्थान नाही. सरळ कामासाठी यंत्रचलित फीडर बसवला, तर हात कटरपासून दूर राहतात आणि लाकूड एकसारख्या गतीने सरकल्याने कडही आरशासारखी उतरते. एवढे असूनही फीडरला खर्च आणि बोटांना फुकट समजणारे मालक आहेत!

बोटांचा बाजारभाव

१९२३ च्या कर्मकार नुकसानभरपाई अधिनियमाच्या अनुसूचीने अंगठा गमावल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के, तर संपूर्ण तर्जनी गमावल्यास १४ टक्के ठरवली होती. कायद्याला कोठेतरी आकडा लिहावाच लागतो. पण ज्याचा सारा संसार अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत आहे, त्या सुताराची तर्जनी १४ टक्के कशी? ती गेली की पटाशी धरण्याचा विश्वास जातो आणि घरातला पुढचा मुलगा या व्यवसायाकडे पाठ फिरवतो. एका बोटाबरोबर पिढ्यांचे कसब संपते, त्याचा हिशेब कोणत्याही अनुसूचीत नसतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २३ व्या कलमाने धोकादायक यंत्रावर अल्पवयीन कामगाराला पुरेसे प्रशिक्षण वा देखरेख असल्याखेरीज काम देण्यास मनाई केली होती. परंतु विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान १० कामगार असल्याखेरीज तो कारखानाच ठरत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आणि कारखान्याच्या व्याख्येतील हा आकडा २० झाला. सुतारकामाचे कारखाने तीन-चार माणसांचे असतात. एक मालक, एक मिस्त्री, एक मदतनीस आणि गावाकडून आलेला भाचा, एवढ्यांसाठी कारखाना निरीक्षक कधी फिरकला नव्हता आणि पुढेही फिरकण्याची शक्यता नाही.

परदेशात ही जाण कायद्याने आणि हत्यारांनी मिळून आणली. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार हाताने लाकूड सरकवण्याच्या शेपरवर पात्याचा पुढे आलेला भाग मर्यादित असणारी कटरे डिसेंबर २००३ पासून बंधनकारक झाली. युरोपीय मानकात एका पात्याने घ्यायची कपची १.१ मिलिमीटरहून जाड नसावी, असे ठरले. बोट लागलेच तरी इजा मर्यादित राहावी, हा त्यामागचा विचार. भारतीय कारखान्यांत मात्र जुन्या पट्टीच्या पोलादाचे तुकडे घासून घरीच पाते बनवण्याची कल्पकता आजही ‘जुगाड’ म्हणून वाखाणली जाते.

केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक आणि पंधरा दिवसांचे वा अधिक प्रगत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपये, ही त्या योजनेची जमेची बाजू होय. तथापि शेपरसारखे यंत्र या रकमेत बसत नाही आणि त्यावर हात बसायला आठवडा पुरत नाही. योजनेतून मिळणारे कर्ज घेऊन कारागीर यंत्र आणील. ते वापरायला कोण शिकवणार, हा प्रश्न मागे उरतो.

त्याचे उत्तर दिल्लीकडे पाहत बसून मिळणार नाही. तालुक्याच्या आयटीआयने संध्याकाळी आपली यंत्रशाळा चालू कारागिरांसाठी उघडावी. यंत्र विकणाऱ्याने झाकण, कडे आणि दाबपट्ट्या यंत्रासोबतच द्याव्यात आणि जोडणीचे प्रात्यक्षिक दाखवल्याखेरीज विक्री पूर्ण झाली असे मानू नये. सुतारांच्या ज्ञातिसंस्था आणि व्यावसायिक संघटना मेळावे भरवतात, सत्कार करतात. त्यांनी वर्षातून एक दिवस हा धडा मराठीतून द्यावा. आणि मिस्त्रीने शिकाऊ मुलाला पहिले काही महिने फक्त जोडणी करू द्यावी, ती स्वतः तपासावी आणि मगच बटण दाबण्याची मुभा द्यावी. जुन्या उमेदवारीचा अर्थ तोच होता. मुलगा आधी धार लावायला शिके, मग लाकूड ओळखायला आणि शेवटी कापायला. यंत्र आले आणि ही पायरी वगळली गेली, याचा दोष यंत्राकडे जात नाही.

येत्या खंडेनवमीला शेपरवर फूल वाहताना कारखान्याच्या मालकाने एकदा त्याचे झाकण जागेवर आहे का, ते पाहावे. ते कोपऱ्यात धूळ खात पडले असेल, तर ते पुसून बसवणे हीच त्या दिवसाची खरी पूजा ठरेल.