पोरांना कोरा पट्टा राखायला शिकवा



शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पुठ्ठ्याचा ज्वालामुखी धूर काढतो. पोरगे पाठ केलेले घडाघडा बोलते, पाहुणे टाळ्या वाजवतात, बक्षीस मिळते. याला देखावा म्हणा, प्रयोग म्हणू नका. उत्तर आधीच ठाऊक असेल तर प्रयोग कसला?

वैराग भागातल्या पोरांची प्रयोगशाळा म्हणजे आपले वावर. जवळच मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून एम ३५-१ हे वाण निवडले गेले. कुणी थोराने सांगितले म्हणून नव्हे. निवडक ताटांचे बी वेगवेगळे पेरून, एकमेकांशी ताडून. ती ज्वारी आजही आपल्या भाकरीत आहे.

आणि आपण काय करतो? दुकानदार टॉनिकची बाटली देतो, आपण अख्ख्या कपाशीवर फवारतो. त्याच आठवड्यात पाऊस पडतो, पीक तरारते. गुण बाटलीचा की पावसाचा? न फवारलेला पट्टा राखला नसेल, तर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. उधारी मात्र आपल्या नावावर चढते.

म्हणून पोरांना एवढे शिकवा. वाण एक, पेरणीचा दिवस एक, खत एक. फरक फक्त एकाच गोष्टीचा. तीन पट्टे औषधाचे, तीन नुसत्या पाण्याचे. बांधाकडची ओल आणि मधली मुरमाड जमीन सारखी नसते, म्हणून कोणता पट्टा कशाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. काय होईल असे वाटते, ते आधीच वहीत लिहा. मग मोजा, वजन करा. आकडा मनासारखा आला नाही म्हणून खोडायचा नाही. ‘फरक पडला नाही’ हेही उत्तरच आहे, आणि गुरुजींनी त्यालाही पूर्ण गुण द्यावेत.

लहान पोरांनी बियाण्यापासून सुरुवात करावी. ज्वारीचे १०० दाणे न निवडता घ्या, ओल्या गोणपाटात गुंडाळा, ओल टिकवा आणि दहाव्या दिवसापर्यंत चांगले कोंब मोजा. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के असावी लागते. ५० भरली तर पिशवी परत करायला अजून वेळ असतो. पेरणीनंतर हाती उरतो तो पंचनामा!

पैसा लागतो तो एका वहीचा आणि दोरीचा. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: गावातल्या प्रत्येक शाळेला प्रयोगासाठी दोन गुंठे वावर. ‘कोरा पट्टा कुठंय?’ असे विचारणारे पोरगे घरात असले, की बाटली विकणारा दारातूनच माघारी फिरेल.